जेल रोडवरच्या काकांना, आरतीच्या ॲपवाल्या पोराकडून

काका नमस्कार,

ओळखलंत की नाही माहीत नाही, मी तो इंदूरच्या रामबागेतला चष्मेवाला, २००७ साली कॉलेज सुटलं की तुमच्या मोबाइल रिपेअरच्या दुकानात येऊन "काका, एखादा नोकिया एन ७३ आहे का हो, पाचच मिनिटं" म्हणायचो आणि माझं ॲप त्यावर चालवून बघत दोन-दोन तास हलायचो नाही. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

तेव्हा सॉफ्टवेअरची अडचण नव्हती. नोकियाचं एसडीके (ॲप बनवायची अवजारं) फुकट, सन कंपनीचं जावासाठीचं वायरलेस टूलकिट फुकट, रात्री डाउनलोड लावायचं आणि लाइट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे, बस. अडायचं ते फोनापाशी. घरात एकच हँडसेट, तोही बाबांचा, आणि कम्प्युटरवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे नकली फोनात काय, सगळंच मक्खन चालतं.

माझं ॲप म्हणजे आरत्यांचं. बऱ्याच हँडसेटांत देवनागरी फॉन्टच नसायचा म्हणून जावाच्या व्हर्जनमध्ये एकेक कडवं पीएनजी चित्र करून टाकलं होतं, पण नोकियाचे जुने, साधे सिरीज ४० फोन ६४ केबीच्या वरची जार फाइल (जावा ॲपची फाइल) घेतच नव्हते, म्हणजे एक आरती बसवली की दुसरी बाहेर. त्यात नोकिया ६६०० चा स्क्रीन १७६ बाय २०८ आणि ६२३० चा १२८ बाय १२८, एकावर ओळ पूर्ण दिसायची आणि दुसऱ्यावर अर्धीच. हे मला कळलं कारण तुम्ही ड्रॉवरमधून सेकंडहँड पीस काढून काढून समोर मांडलेत, गिऱ्हाईक खोळंबलेलं असतानासुद्धा.

आणि ती तारखेची भानगड! एन ७३ साठी सिंबियनचं (नोकियाच्या स्मार्टफोनांतली ऑपरेटिंग सिस्टिम) व्हर्जन केलं, स्वतःच डिजिटल सही केलेली सिस फाइल (सिंबियन ॲपची इन्स्टॉल फाइल), आणि फोन म्हणतो सर्टिफिकेट एक्सपायर झालंय. अरे काल रात्री तर बनवलं! चार दिवस मी कोड चाळतोय, कॅपॅबिलिटी (ॲपच्या परवानग्या) काढतोय, परत घालतोय. तुम्ही सोल्डरिंगवरून मान वर न करता विचारलंत, "तुझ्या कम्प्युटरची तारीख काय आहे रे?" घरी जाऊन बघतो तर २००२. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, त्यामुळे तारीख मागे गेलेली आणि एक वर्षाचं सर्टिफिकेट जन्मतःच म्हातारं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सीआर २०३२ चा सेल हातावर ठेवलात, पैसे घेतले नाहीत. तोवर फोनचीच तारीख मागे करून इन्स्टॉल करायची युक्तीही तुमचीच. कोडची एक ओळ तुम्हाला येत नव्हती आणि माझ्या सगळ्या पुस्तकांत हे कुठे नव्हतं, आता बोला.

ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये आलं, नोकियाचं ओव्ही स्टोअर त्याच्या पुढच्या वर्षी. आमचं स्टोअर त्याआधीच, गणपतीत, तुमच्या काउंटरवर उघडलं होतं! रिपेअरचा फोन परत देताना तुम्ही विचारायचात, "भिया, आरत्या टाकून देऊ का?" मग ॲप मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'साइन्ड ओन्ली'चं 'ऑल' करायचं आणि ब्लूटूथने सोडायचं, हे सगळं तुम्ही एकेका माणसासाठी करत बसायचात. कुणाला अक्षर बारीक वाटलं, कुणाचा फोन हँग झाला, ते जुन्या बिलांच्या मागे लिहून ठेवायचात. तसे फीडबॅक मला नंतर कुठल्याच कंपनीत मिळाले नाहीत.

पुढे २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोन धरला आणि माझं सिंबियन गेलं पाण्यात, मी अँड्रॉइडकडे वळलो. आता टेस्टिंगला टेबलावर दहा फोन असतात, पण नवीन पोरांना मी पहिलं हेच विचारतो की खऱ्या फोनवर चालवून बघितलंस का, आणि ती वैतागतात.

तुम्ही परीक्षेच्या आधी "ठेव रे तुझ्याकडेच" म्हणून दिलेला एन ७३ अजून आहे माझ्याकडे, फक्त चार्जर गेला. बारीक पिनचा एखादा पडला असेल तर बाजूला काढून ठेवा. शनिवारी येतो, पोहे-जिलबी मी आणतो, आणि या वेळी सेलचे पैसेही घ्यायचे आहेत तुम्ही.

तुमचा,
चष्मेवाला