कुत्र्यांच्या सांध्यांसाठीची सप्लिमेंट : डब्यावरची नावे आणि आतले मिलिग्रॅम

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाळीव कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या गोळ्या, पावडरी आणि चावून खायच्या वड्या यांच्या जाहिराती अलीकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून नियमाने दिसतात, आणि सांगली-मिरजेतल्या पेट शॉपमध्ये या डब्यांना आता वेगळी फळी मिळू लागली आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि घरी लॅब्रॅडोर कुत्रा आहे, त्यामुळे अनेक परिचित असा डबा विकत घेण्याआधी, बहुतेकदा घेतल्यानंतर, माझ्यासमोर आणून ठेवतात. ते सारे डबे पाहून झालेले माझे मत असे की, या वस्तू घटकांच्या नावांवर विकल्या जातात, आणि ग्राहकाने मात्र त्या घटकांच्या प्रमाणावर पारखायला हव्यात. ही पारख कशी करावी, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हा पत्रप्रपंच.

डब्याच्या दर्शनी बाजूस दहा-बारा घटकांची नावे असतात. मागे बारीक अक्षरांत एका गोळीतील प्रमाण दिलेले असते, किंवा ‘विशेष मिश्रण’ असे म्हणून सर्वांचे मिळून एकच वजन छापलेले असते. दुसऱ्या प्रकारचा डबा मी तिथेच परत फळीवर ठेवायला सांगतो, कारण त्यात महागडा घटक चिमूटभर आणि स्वस्त घटक मूठभर असला तरी ते कळायला मार्ग नसतो. प्रमाण छापलेले असेल, तर पुढे पाहायचे ते एवढेच की, तो घटक कोणत्या रूपात आहे आणि आपल्या कुत्र्याच्या वजनाला तो पुरेसा आहे का. पाच किलोच्या पॉमेरेनियनला आणि पस्तीस किलोच्या जर्मन शेफर्डला ‘रोज एक’ असा एकच डोस सांगणारा उत्पादक या दोघांपैकी एकाला तरी नक्कीच फसवतो आहे.

सर्वाधिक डब्यांवर सर्वांत ठळक अक्षरांत येणारी जोडी म्हणजे ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात, आणि ते क्षाराच्या रूपात विकले जाते. हायड्रोक्लोराइड क्षारात मूळ ग्लुकोसामाइन वजनाच्या सुमारे 83 टक्के असते, तर पोटॅशियम क्लोराइड मिसळून स्थिर केलेल्या सल्फेट क्षारात ते सुमारे 59 टक्केच भरते. म्हणजे दोन डब्यांवर ‘500 मिलिग्रॅम’ असा एकच आकडा असला, तरी एकातून सुमारे 415 आणि दुसऱ्यातून सुमारे 295 मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन मिळते. क्षाराचे नावच नसेल, तर हा हिशेब मांडताच येत नाही. कॉन्ड्रॉइटिन हे गुरे, डुकरे, कोंबड्या किंवा शार्क यांच्या कूर्चेपासून (सांध्यातील मऊ, लवचिक आवरणापासून) मिळते आणि त्यातुलनेत महाग असते, त्यामुळे त्यात भेसळीचा मोह मोठा. ज्या साध्या अनुमापनाने (टायट्रेशनने) ते मोजण्याचा प्रघात आहे, त्या चाचणीला कॉन्ड्रॉइटिन आणि विद्युतभार असलेले दुसरे एखादे स्वस्त बहुवारिक (पॉलिमर) यांत फरक कळत नाही; तो ओळखायला विकर (एन्झाइम) वापरून केलेले एचपीएलसी पृथक्करण, म्हणजे घटक एकेक वेगळे करून मोजणारी यांत्रिक चाचणी, लागते. म्हणून ‘प्रयोगशाळेत तपासलेले’ एवढ्या शब्दांनी माझे समाधान होत नाही. कोणत्या पद्धतीने तपासले, हे विचारल्यावर उत्पादक काय सांगतो, ते पाहावे.

परंतु शुद्ध आणि पुरेशा प्रमाणात दिल्यावर तरी ही जोडी कुत्र्याला उपयोगी पडते काय, या प्रश्नाचे आजवरचे उत्तर उत्साह वाढवणारे नाही. माणसांच्या गुडघेदुखीवर अमेरिकेत 1,583 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण रुग्णगटाचा विचार करता हे दोन्ही घटक, एकत्र किंवा स्वतंत्र, औषध नसलेल्या निष्क्रिय गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरले नाहीत. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या छोट्या उपगटात तेवढा फायद्याचा संकेत दिसला. कुत्र्यांवरच्या अभ्यासांत 2007 चा एक अनुकूल आहे, ज्यात सुमारे सत्तर दिवसांनी सुधारणा नोंदली गेली, पण तिथे तुलना वेदनाशामकाशी होती, निष्क्रिय गोळीशी नव्हती. 2003 च्या अभ्यासात चालताना पायावर पडणारा भार यंत्राने मोजला, तेव्हा वेदनाशामक औषधांनी फरक पडला आणि या जोडीने पडला नाही. 2022 मध्ये माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्या-मांजरांवरील अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन, सांधेदुखीच्या वेदनेसाठी ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनची शिफारस करू नये, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. ही जोडी सहसा अपाय करत नाही, हे खरे. पण डब्याच्या किमतीतला मोठा वाटा ज्या घटकाचा, त्याचाच पुरावा सर्वांत दुबळा, ही गोष्ट ग्राहकाला ठाऊक असलीच पाहिजे.

त्याच आढाव्यात ज्या घटकाच्या बाजूने पुरावा सर्वांत भक्कम ठरला, तो म्हणजे माशांच्या तेलातील ओमेगा-3 मेदाम्ले, नेमके सांगायचे तर ईपीए आणि डीएचए. इथेही गोम प्रमाणातच आहे. सांधेदुखीसाठी पशुवैद्यकात सांगितली जाणारी मात्रा मध्यम ते मोठ्या कुत्र्यांना ढोबळमानाने किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या वर जाते, म्हणजे तीस किलोच्या लॅब्रॅडोरला दोन्ही मिळून रोज किमान 3,000 मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘फिश ऑइल 1000 मिलिग्रॅम’ या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, एकूण 300 मिलिग्रॅमच असतात. अशा दहा कॅप्सूल म्हणजे दहा ग्रॅम तेल, सुमारे नव्वद कॅलरी, ज्या त्याच्या जेवणातून वजा कराव्या लागतात, अन्यथा सांध्यांवरचा भार आपणच वाढवतो. यासाठी जास्त संहत तेल शोधणे आणि मात्रा पशुवैद्यांकडून ठरवून हळूहळू वाढवणे इष्ट, कारण एकदम जास्त तेल दिल्यास जुलाब होतात आणि स्वादुपिंडाची तक्रार असलेल्या कुत्र्याला ते सोसत नाही. ज्या वडीत ‘ओमेगा-3 युक्त’ असे लिहून आत चाळीस-पन्नास मिलिग्रॅम असतात, तिच्याकडून या कामाची अपेक्षाच करू नये. आपल्याकडे घरोघरी जवसाची चटणी असते आणि ‘जवसातही ओमेगा-3 असतेच की’ असा युक्तिवाद मला हमखास ऐकावा लागतो. असते, पण ते निराळ्या रूपातले, आणि कुत्र्याचे शरीर त्याचे ईपीए-डीएचएमध्ये फारच थोडे रूपांतर करू शकते. शिवाय चटणीतला लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक, ते वेगळेच.

आता हळदीविषयी. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली, आणि या गावात हळदीविरुद्ध अवाक्षर काढणे धाडसाचेच. तरीही हिशेब मांडला पाहिजे. हळदीच्या पुडीत करक्युमिन, म्हणजे तिचा सक्रिय घटक, साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते. डब्यावर ‘हळद 50 मिलिग्रॅम’ असेल, तर त्यात करक्युमिन जेमतेम दीड मिलिग्रॅम भरते, आणि ‘95 टक्के करक्युमिनचा अर्क 50 मिलिग्रॅम’ असेल, तर सत्तेचाळीस. चित्रात मात्र दोन्हींवर तेच हळकुंड. त्यातही करक्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी शोषले जाते. मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास माणसांत हे शोषण वीसपट वाढल्याचे बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले होते. पण पायपरीन यकृतातील औषधे मोडणारी विकरे रोखते म्हणूनच हे घडते, आणि त्यामुळे कुत्र्याला चालू असलेल्या इतर औषधांची पातळीही वाढू शकते, हे वडी विकणारा सांगत नाही. स्वयंपाकघरातली हळद कुत्र्याच्या भातात चिमूटभर पडली तर बिघडत काही नाही, पण तिला सांध्यांचा उपचार म्हणू नये.

उरलेल्या घटकांबद्दल थोडक्यात. एमएसएम (गंधकयुक्त संयुग) आणि पोटातून दिलेले हायलुरॉनिक आम्ल यांच्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत, असा पुरावा मला दिसलेला नाही. न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्याच्या पुडीविषयी निष्कर्ष संमिश्र आहेत. मूळ रचना न बिघडवलेले ‘टाइप-2’ कोलेजन (कूर्चेतील प्रथिन) आणि साधे विघटित कोलेजन या दोन सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत. पहिले काही मिलिग्रॅममध्ये देतात, दुसरे ग्रॅममध्ये, आणि नुसते ‘कोलेजन’ छापणाऱ्याला हा भेद लपवायचाच असतो. शल्लकीच्या (बॉस्वेलिया) डिंकाचा कुत्र्यांवर 2004 साली एक अभ्यास झाला, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कांडवेलीची महती मोठी असली, तरी ती मुख्यतः मोडलेल्या हाडाशी जोडलेली आहे, झिजलेल्या कूर्चेशी नव्हे.

यावर ‘आमच्या कुत्र्याला तर फरक पडला’ असे उत्तर मिळते, आणि ते प्रामाणिक असते. सांधेदुखी मुळातच कमी-जास्त होते. थंडीत कुत्रा जास्त लंगडतो, आपण नेमके तेव्हा डबा आणतो आणि ऊन वाढले की श्रेय डब्याला जाते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ निष्क्रिय गोळी मिळालेल्या कुत्र्यांबाबत मालकांच्या नोंदींची भारमापक यंत्राच्या नोंदींशी तुलना केली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा मालकांना यंत्राला न दिसलेली सुधारणा दिसली होती, आणि पशुवैद्यांची नजरही यातून पूर्ण सुटलेली नव्हती. तेव्हा सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दोन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच वेळी, कुत्रा उठताना व जिना चढताना मोबाइलवर चित्रित करावा, आणि त्या काळात दुसरे काहीही नवे सुरू करू नये.

डब्यात न मिळणारा एक उपाय या सर्वांपेक्षा सरस आहे, आणि तो फुकट आहे. अमेरिकेत 48 लॅब्रॅडोर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले, ते मध्यकाने (गटातील निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते वय) 11.2 ऐवजी 13 वर्षे जगले आणि त्यांना सांध्यांसाठी दीर्घकालीन उपचार सुमारे तीन वर्षे उशिरा लागले. आटपाडी-जतकडच्या कारवानी या सडपातळ शिकारी जातीच्या कुत्र्याच्या बरगड्या दिसतात म्हणून शहरी माणसाला त्याची कीव येते. खरे तर हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्याच पाहिजेत. चहाबरोबरची बिस्किटे, उरलेल्या तुपाच्या पोळ्या आणि रात्रीचे दूध बंद करायला कोणी तयार नसतो, महिन्याला नवा डबा आणायला मात्र असतो. गुळगुळीत टाइल्सवर जुने सतरंजीचे पट्टे अंथरले, तरी म्हाताऱ्या कुत्र्याचे उठणे सोपे होते.

काही गोष्टी निव्वळ धोक्याच्या आहेत. माणसांसाठीच्या साखरविरहित चघळायच्या गोळ्यांमध्ये झायलिटॉल असू शकते; त्याने कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने कोसळते आणि यकृत निकामी होऊ शकते. फिश ऑइलऐवजी कॉड लिव्हर ऑइल भरपूर दिल्यास अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक होतो. आणि गोळ्यांनी गुण येईना म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी अर्धी करून घालणे म्हणजे जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा यांना आमंत्रण आहे; जनावरांसाठी डायक्लोफेनॅक देशात 2006 सालीच, ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मरत असल्यामुळे, बंद झाले, ते कुत्र्यालाही निर्धोक नाही. कुत्रा लंगडत असेल, तर आधी निदान हवे. खुब्याची आनुवंशिक विकृती, गुडघ्याचा तुटलेला स्नायुबंध किंवा हाडाचा कर्करोग यांतले काहीही वरून सारखेच दिसू शकते, आणि सप्लिमेंटवर घालवलेले महिने तिथे महागात पडतात.

अखेरीस मागणी. हे डबे बहुधा ‘पशुखाद्य पूरक, औषधी वापरासाठी नाही’ या ओळीखाली विकले जातात, आणि त्याच डब्याच्या पुढच्या बाजूस सांधेदुखी बरी करण्याचा दावा असतो. औषध म्हणून गुण सांगायचा आणि औषधाची जबाबदारी नाकारायची, ही सोय बंद झाली पाहिजे. प्रत्येक सक्रिय घटकाचे रूप, एका गोळीतील मिलिग्रॅम, किलोमागे मात्रा आणि बॅचचा तपासणी अहवाल छापणे सक्तीचे व्हावे, यासाठी पशुसंवर्धन विभागाने शासनाकडे पाठपुरावा करावा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या तज्ज्ञांनी बाजारातील डब्यांवरचे लेबल कसे वाचावे, याचे एक पानी मराठी पत्रक काढून दोन्ही जिल्ह्यांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत लावले, तर मोठी सोय होईल. आणि आपल्या पुरवणीत अशा उत्पादनांची जाहिरात छापताना घटकांचे प्रमाण जाहिरातीतच देण्याची अट आपणही घालू शकाल.

आपला,
एक वाचक
(सेवानिवृत्त अध्यापक, औषधनिर्माणशास्त्र)
विश्रामबाग, सांगली