कोचीला अर्धा दिवस पुरणार नाही

फोर्ट कोची,
जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला केरळ सहलीचा कार्यक्रम वाचला. मुन्नारला दोन मुक्काम, ठेक्कडीला एक, अलेप्पीच्या हाउसबोटीवर एक आणि कोचीच्या वाट्याला ‘आगमनानंतर स्थलदर्शन’ हे दोनच शब्द! सहली काढणाऱ्यांचा हा शिरस्ताच आहे, पण मला तो मान्य नाही, आणि सध्या याच शहरात मुक्काम असल्यामुळे माझी हरकत जरा विस्ताराने नोंदवतो.

हे शहर मोटारीच्या खिडकीतून कळत नाही, कारण ते मुळात बंदर आहे आणि त्याचा दर्शनी भाग पाण्याकडे आहे. म्हणून मुख्य भूमीवरच्या एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला पुलावरून न येता बोटीने ये. सरकारी फेरी आहे, 2024 पासून वॉटर मेट्रोच्या बंदिस्त बोटीही येतात, पण उघडा वारा लागतो तो फेरीतच. डाव्या हाताला विलिंग्डन बेट लागते. विसाव्या शतकात मोठ्या जहाजांसाठी खाडी खोल करताना जो गाळ उपसला, त्याची भर घालून हे बेट वाढवलेले आहे. उजवीकडे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या अजस्र क्रेन दिसतात. मुळात हे बंदरच एका आपत्तीतून उभे राहिले. 1341 साली पेरियार नदीला आलेल्या महापुरात उत्तरेचे मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने बुजले आणि इथे समुद्राकडे जाणारी वाट रुंदावली, असे इतिहासकार मानतात. त्यानंतर मिऱ्याच्या मागावर अरब, चिनी, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज असे सगळेच इथे येऊन गेले.

फेरीतून उतरून किनाऱ्याने चालू लागलास, की चिनी जाळी दिसतील. पर्यटक तिथे सूर्यास्ताला गर्दी करतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. तू मात्र पहाटे जा आणि निदान तासभर एकाच जाळ्याजवळ उभा राहा. सागवानी आणि बांबूच्या वाशांचा तो अवाढव्य सांगाडा चार-सहा माणसे हलवतात आणि सगळे तंत्र तोल सांभाळण्याचे असते. मागच्या बाजूला दोरांना मोठमोठे दगड बांधलेले असतात आणि प्रत्येक दोराची लांबी वेगळी असते. त्यामुळे जाळे वर येऊ लागले, की दगड एकदम न टेकता एकामागून एक खाली टेकत जातात आणि तोल कोणत्याही उंचीवर सुटत नाही. जाळे पाण्यात सोडायचे असेल, तेव्हा एक माणूस मुख्य तुळईवरून पुढे चालत जातो आणि त्याच्या वजनाने ते सगळे धूड सावकाश झुकते. मी पाहत होतो तेव्हा वर आलेल्या जाळ्यात मूठभर मासळी आणि तिच्या कित्येक पट जलपर्णी होती. ती उपसून फेकताना कोणाच्याही चेहऱ्यावर त्रासिक भाव दिसला नाही, बहुधा ते रोजचेच असावे. (दोर ओढायला तुलाही बोलावतील, जरूर ओढ. नंतर पैसे मागतात, तेही दे, कारण आता मासळीपेक्षा तीच कमाई भरवशाची असावी.)

सेंट फ्रान्सिस चर्चला फार वेळ लागणार नाही. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला आणि त्याला इथे पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, त्यामुळे आता कठडा घातलेली नुसती शिळा उरली आहे. बाहेरून दोरीने ओढायचे जुने पंखे मात्र मान वर करून अवश्य पाहा.

वेळ राखून ठेवायचा तो मट्टनचेरी या जुन्या भागासाठी. पोर्तुगीजांनी कोचीच्या राजासाठी सोळाव्या शतकात बांधलेला आणि डचांनी दुरुस्त केल्यामुळे ‘डच पॅलेस’ म्हणवला जाणारा वाडा बाहेरून अगदी साधा आहे, पण आत राजाच्या शयनगृहाच्या भिंती रामायणाच्या चित्रांनी भरून गेल्या आहेत. जवळच 1568 चे ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. तिथे अनवाणी जावे लागते, आणि हे उत्तमच आहे, कारण पायाखाली चीनहून आणलेल्या, हातांनी निळी चित्रे रंगवलेल्या फरश्या आहेत. लोक झुंबरे पाहत वर बघतात, तू खाली बघ. इथले बहुतेक ज्यू 1948 नंतर इस्रायलला गेले. त्यांच्या गल्लीत आता शाली आणि जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या वस्तू विकतात.

त्या गल्लीत रेंगाळण्यापेक्षा चेरलाईकडे चालत जा, असे मी आग्रहाने सांगेन. पोर्तुगीजांच्या छळामुळे गोवा सोडून आलेल्या कोकणी कुटुंबांची ही वस्ती आहे. तिथल्या तिरुमला देवस्वम मंदिराबाहेर दोन बायका भाजी निवडत बोलत होत्या आणि त्यांचे निम्मे बोलणे मला कळत होते. दिवसभर मल्याळम कानांवर पडल्यानंतर मला एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. याच समाजातील रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या वैद्यांनी मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या लॅटिन ग्रंथासाठी डच अधिकारी व्हान रीड याला साहाय्य केले. 1675 मध्ये त्यांनी लिहून दिलेले प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात नागरी लिपीतच छापलेले आहे. एवढ्या जवळच्या नात्याचा उल्लेख आपल्याकडच्या सहलींच्या माहितीपत्रकांत सहसा नसतो, याचे मला नवल वाटते.

तेव्हा मुन्नारचा एक मुक्काम कमी करून तो कोचीला दे. मात्र मट्टनचेरीसाठी शुक्रवार-शनिवार धरू नकोस, कारण त्या दिवसांत वाडा आणि सिनेगॉग यांपैकी काही ना काही बंद असते. पावसाळ्यापूर्वीच ये आणि तारखा पक्क्या होताच कळव, म्हणजे फोर्ट कोचीत जेटीपासून चालत जाता येईल असे राहण्याचे ठिकाण तुला सुचवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित
मित्र