झाडं किती लावली ते राहू द्या, झाड कोणाचं ते विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली वनशेतीच्या, म्हणजे शेतात पिकाबरोबर झाडंही वाढवण्याच्या, बातम्या बऱ्याच येतात, चांगलंच आहे, पण दर वेळी आकडा तोच असतो, इतकी रोपं वाटली आणि तितकी लावली. कोणती लावली, पुढे ती तोडायची झाली तर परवानगी कोणाकडे मागायची, आणि शेतात आधीपासून जी झाडं उभी होती त्यांचं काय झालं, यावर एक ओळ नसते. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलंय, हवी तेवढी काटछाट करा पण नायजर या आफ्रिकेतल्या देशाबद्दलचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आधी हे की शेतात जंगलातले जीव राहतात का? तर राहतात, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरेच जास्त राहतात. ब्राझीलच्या दक्षिण बाहियात कोकोच्या जुन्या बागा आहेत, त्यांना तिथे काब्रूका म्हणतात. जंगलातली खालची झुडपं काढायची, उंच झाडं तशीच ठेवायची आणि त्यांच्या सावलीत कोको लावायचा, अशी ती पद्धत. कोको मुळातच सावलीतलं झाड त्यामुळे त्याला ते मानवतं. सोनेरी आयाळीचं एक चिमुकलं टॅमरिन माकड आहे, जगात फक्त त्याच भागात सापडतं आणि नामशेष व्हायच्या यादीत आहे, ते या बागांमध्ये राहतं, ढोलीत झोपतं, फांद्यांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाड नावाच्या वनस्पतीच्या पानांत हात घालून किडे शोधतं. आणि गंमत बघा, तिथे त्याच्या पोटाला मोठा आधार कशाचा, तर फणसाचा! आपल्याकडचा फणस, तिकडे परका, पण माकडाला त्याचं काय. (परकी झाडं सरसकट वाईट म्हणणाऱ्यांसाठी सांगितलं, मीही त्यातलाच होतो.)

आता कोणी म्हणेल की माकडं जगली तर शेतकऱ्याला काय मिळालं. कॉफीचं घ्या. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर २००३ च्या एका अभ्यासात दिसलं की जिथे ३ प्रकारच्याच मधमाश्या येत होत्या तिथे साधारण ६० टक्के फुलांची फळं झाली आणि जिथे २० प्रकारच्या आल्या तिथे ९० टक्के. कोस्टा रिकात २००४ मध्ये मोजलं तर जंगलाच्या साधारण एक किलोमीटरच्या आत असलेल्या कॉफीचं उत्पन्न २० टक्के जास्त निघालं. तिथेच पक्ष्यांचंही मोजलं, कॉफीचं फळ पोखरणारा जो भुंगा असतो त्याचा उपद्रव पक्ष्यांमुळे जवळपास निम्म्यावर येतो. कोकोची तर तऱ्हाच वेगळी, त्याचं परागीभवन करतात बारीक चिलटं, आणि ती वाढतात कुजक्या पालापाचोळ्यात. बाग झाडून पुसून लख्ख केली की चिलटं गेली, चिलटं गेली की फळधारणा गेली.

म्हणजे फायदा आहे हे शेतकऱ्यालाही कळतं. मग तो मोठी झाडं का काढतो? इथेच खरी गोम आहे आणि तुमच्या बातम्यांत नेमकी हीच येत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये १९६२ च्या कायद्याने आपोआप उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडांचा हक्क सरकारकडे गेला. शेत शेतकऱ्याचं, राबतो तो, पण मधोमध उभं असलेलं झाड सरकारचं, आणि एक दिवस परवाना घेऊन ठेकेदार येणार, झाड पाडणार, ते पडताना खालची वर्षानुवर्षं वाढवलेली कोकोची झाडं चिरडणार, आणि लाकडाच्या पैशातलं शेतकऱ्याच्या हातात जवळजवळ काही पडणार नाही. असं असताना शेतात एखाद्या मोठ्या झाडाचं रोप उगवलेलं दिसलं तर शेतकरी काय करेल? बोटभर असतानाच उपटून टाकेल. भीक नको पण कुत्रा आवर. आणि आयव्हरी कोस्ट व घाना मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, म्हणजे हा काही कोपऱ्यातला किस्सा नाही.

आपल्या कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्गमध्ये) वेगळ्या वाटेने तेच. तिथे कॉफीवर देशी झाडांची दाट सावली असायची. पण बऱ्याच जमिनींवर देशी झाडांचा मालक सरकार, तोडायची-विकायची म्हटलं तर कागदपत्रांचा डोंगर. आणि ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक भराभर वाढतो, मिरीचा वेल चढवता येतो आणि विकायलाही फार कटकट नाही. मग देशी झाड मेलं की त्या जागी सिल्व्हर ओक. वरून बघितलं तर सगळं हिरवंगार, मोजणीत झाडं तेवढीच, पण धनेश पक्ष्याला घरट्याला जुन्या झाडाची ढोली लागते आणि खायला उंबर-वडासारखी फळं लागतात, सिल्व्हर ओकवर तो काय करणार. झाडं वाचवायला केलेल्या नियमानेच देशी झाड शेतकऱ्याला ओझं करून ठेवलं.

आता नायजर. सहाराच्या खालचा कोरडा पट्टा, तिथेही पूर्वी झाडांवर सरकारचा हक्क, तोडलं तर दंड, त्यामुळे झाडाबद्दल कोणाला आपुलकी नाही. १९८०च्या दशकात ही पकड ढिली व्हायला लागली आणि शेतकऱ्यांना झाड आपलं वाटायला लागलं. त्यांनी नवीन रोपं फारशी लावलीच नाहीत! जमिनीखाली जुनी खोडं जिवंत होती, दरवर्षी फुटवे यायचे आणि दरवर्षी ते साफ केले जायचे, ते थांबवलं, एक-दोन जोमदार फुटवे ठेवायचे बाकी छाटायचे, एवढंच. सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. त्यात बाभळीच्या कुळातलं फेडहर्बिया नावाचं अफलातून झाड आहे, पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं असतं, म्हणजे पिकाला ऊन हवं तेव्हा ऊन, जमिनीला पाल्याचं खत आणि गुरांना शेंगा. ना रोपवाटप ना फोटो.

एक कबूल करतो. वनशेती म्हणजे जंगल नव्हे. दाट जंगलाशिवाय न जगणारे पक्षी, बेडूक, प्राणी बागेत येत नाहीत, आणि काब्रूकातली मोठी झाडंसुद्धा म्हातारी होतायत कारण तण काढताना त्यांची पिल्लंही कापली जातात. उरलेलं जंगल तोडून तिथे 'सावलीची कॉफी' लावली आणि त्याला संवर्धन म्हटलं तर ती धूळफेकच. पण जंगलाच्या दोन तुकड्यांमध्ये एकाच पिकाचं सपाट रान असण्यापेक्षा अशी बाग असलेली कधीही बरी, निदान इकडचा जीव तिकडे जाऊ तरी शकतो.

राष्ट्रीय कृषिवानिकी (म्हणजे वनशेतीचंच) धोरण आणणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ साली. त्यात तोडीचे आणि वाहतुकीचे नियम सोपे करा असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा पुढच्या वेळी रोपं हातात घेतलेल्या लोकांचा फोटो छापाल तेव्हा बातमीदाराला एवढं विचारून यायला सांगा, की यातलं देशी झाड वीस वर्षांनी शेतकऱ्याला विकायचं झालं तर त्याला किती सह्या लागतील आणि सिल्व्हर ओक किंवा निलगिरीला किती. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक