विक्री पावतीवर रेड्याचा 'बैल' होतोय, वजन दुपटीच्या वर दाखवताय, प्रीमियम पॅकचे पैसे परत पाहिजेत

कस्टमर केअर टीम,
नमस्कार.

तुमच्या जनावरं खरेदी-विक्रीच्या ॲपमधून तक्रार टाकली होती, ती कुणाचा फोन न येताच 'सॉल्व्ह्ड' म्हणून बंद झाली, म्हणून आता सगळं सविस्तर मेलवर लिहितोय. कृपा करून पूर्ण वाचा आणि ज्याला म्हशीतलं कळतं अशा माणसाकडं द्या, परत तोच क्षमस्व वाला मेसेज नको.

मी सांगोला तालुक्यातला. आमच्याकडं पंढरपुरी म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं, आणि त्याबरोबर आम्ही टोणगे, म्हणजे म्हशीची नर पिल्लं (मोठा झाला की रेडा), पण सांभाळतो. कित्येक गोठ्यात टोणगा झाला की त्याला दूध सोडत नाहीत आणि तो महिन्या-दोन महिन्यात मरतो, आमच्यात तसं करत नाहीत, आम्ही वाढवतो, गावातले इतरांचे टोणगे पण विकत घेऊन वाढवतो आणि दोन दाती चार दाती झाला (दातावरनं वय कळतं) की विकतो. घेणारा मांसासाठी घेतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, कायद्यात बसून चाललेला धंदा आहे आणि घरातला मोठा खर्च त्यावर निघतो. तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं की प्रीमियम पॅक घ्या, रोजचे बाजारभाव, वजन काढायचं टूल, डॉक्टरांची माहिती, जाहिरात वर दिसणार, विक्री पावती ॲपमधूनच निघणार, म्हणून ९९९ रुपये भरले.

सगळ्यात आधी ती पावती. प्रकारात 'म्हैस' निवडलं, लिंग 'नर' निवडलं, तर पावतीवर छापून येतं 'जनावराचा प्रकार: बैल'. तुमच्या सिस्टिमला नर म्हणजे बैलच माहितीये, रेडा हा शब्दच नाही. तुम्हाला वाटेल एवढ्या एका शब्दानं काय होतंय, तर ऐका. महाराष्ट्राच्या १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यात गाईच्या कत्तलीला आधीपासून बंदी होती, मार्च २०१५ ला त्यात बैल आणि वळू पण आले. म्हैस, रेडा त्या बंदीत नाहीत, त्यांना सक्षम अधिकाऱ्याचा दाखला घ्यावा लागतो आणि मग रीतसर चालतं. म्हणजे रेडा लिहिलं तर कायदेशीर माल आणि बैल लिहिलं तर गुन्हा, आणि तुम्ही आमच्या हातात देताय बैल लिहिलेला कागद, वर तुमचा लोगो आणि खाली माझं नाव.

आणि हे नुसतं भीतीपोटी बोलत नाहीये, झालंय. आमच्याकडनं रेडे घेऊन निघालेला टेम्पो रस्त्यात अडवला, कागद मागितला, कागदावर बैल. गाडीत शिंगं पाठीवर टाकून उभे असलेले काळे रेडे लहान पोराला पण ओळखू येतील, पण ज्याच्या हातात कागद आहे तो कागदच वाचणार. डॉक्टर येऊन लिहून देईपर्यंत गाडी तिथंच, जनावरं उन्हात दाटीवाटीनं उभी, एकाला फेस आला तोंडाला, ड्रायव्हर बिचारा घाबरून मलाच फोनवर फोन करतोय. शेवटी सुटली गाडी. पण व्यापाऱ्यानं भाडं आणि खोळंबा आमच्या ठरलेल्या पैशातनं कापून घेतला आणि आता तो ॲपवरचा माल नको म्हणतो. त्याला मी काय सांगणार?

त्याच पावतीत टॅग नंबरचा रकाना आहे, तो १० आकडेच घेतो. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर नंबर १२ आकडी असतो, शेवटचे दोन बसतच नाहीत. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्रीच करता येत नाही, म्हणजे पावतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तोच नंबर, आणि तो अर्धवट छापला तर बिल्ला आणि कागद जुळणार कसा. मोबाईल नंबरचा रकाना उचलून तिथं चिकटवलाय असं दिसतंय. हे चालू करायच्या आधी कुणी एका गोठ्यात जाऊन एक कान तरी बघितला होता का?

आता वजनाचं. तुम्ही छातीचा घेर आणि लांबी इंचात मागता, बरोबर आहे, पद्धत जुनीच आहे. पुढच्या पायांच्या मागनं घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासनं मागं पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, घेर गुणिले घेर गुणिले लांबी आणि त्याला ६६० नं भागलं की किलोत अंदाज निघतो. आमच्या एका रेड्याचा घेर ७२ इंच, लांबी ५६ इंच. वहीवर मांडलं तर ४४० किलो येतं, वजनकाट्यावर नेला तर ४३२ भरला, म्हणजे टेपचा अंदाज चांगला आहे. तुमचं ॲप दाखवतं ९६८ किलो! कारण तुम्ही ६६० च्या जागी ३०० नं भागताय, ते उत्तर पौंडात येतं आणि तुम्ही त्याच्यापुढं किलो लिहिताय. जाहिरातीत वजन आपोआप छापलं जातं, मला बदलता येत नाही, ते बघून लांबनं लोक गाडी करून आले आणि दारात उभं राहून मला लबाड म्हणून गेले. गावात ऐकायला लागलं ते वेगळंच.

याच्याहून वाईट म्हणजे तेच वजन तुमच्या औषधाच्या पानावर जातं. जंत-गोचिडावरच्या आयव्हरमेक्टिनचं १ टक्क्याचं इंजेक्शन ५० किलोला १ मिली असतं, म्हणजे या रेड्याला ९ मिलीच्या आत, आणि तुमचं पान सांगतं १९ मिली. मी डॉक्टरला विचारल्याशिवाय देत नाही म्हणून ठीक, पण एखाद्यानं भरवसा ठेवून दिलं तर जनावराच्या जिवाला कोण जबाबदार? औषध दिल्यावर किती दिवस ते जनावर मांसासाठी द्यायचं नाही हे बाटलीच्या लेबलवर लिहिलेलं असतं, ते तुमच्या पानावर कुठंच नाही. मांसाचं जनावर पाळणाऱ्याला ही सगळ्यात आधी लागणारी माहिती आहे, खाणारी पण माणसंच आहेत की.

भावाचं पान पण तसंच. सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो, तुमच्याकडं बुधवारी पण 'आजचा भाव: सांगोला' येतो. घोडेगावचा बाजार शुक्रवारचा, तिथला भाव सोमवारी आजचा कसा होतो? आणि म्हैस म्हणून एकच आकडा. दुभती मुऱ्हा, गाभण वगार (पहिलारू तरणी म्हैस), भाकड म्हैस आणि चार दाती रेडा या सगळ्यांचा मिळून एक भाव काढून कुणाचं काय भलं होणार. तुमच्या माहितीच्या लेखात अँगस आणि हेअरफोर्ड या मांसासाठीच्या परदेशी गोवंशाचे फोटो आहेत, मक्यावर वाढवायचं गणित आहे, ते परदेशातनं उचललंय हे दिसतंच. मग उचलायचंच होतं तर त्यांची भाव द्यायची रीत उचलायची होती, अमेरिकेत सरकारी मार्केट न्यूजमध्ये नर वेगळा, मादी वेगळी, वजनाचे गट वेगळे, कुठल्या तारखेचा कुठला बाजार ते सगळं येतं. आमच्याकडं कडबा, सरकी पेंड, उसाचं वाडं आहे, त्यावर टोणगा किती दिवसात किती भरतो ते सांगा. जातीच्या यादीत पंढरपुरी नाहीच, सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला 'इतर' निवडायला लागतं.

मी एवढं का लिहितोय ते पण सांगतो. आमच्याकडं मांसाच्या जनावराचा सौदा नगावर होतो, किलोवर नाही. व्यापारी पाठीवर हात फिरवून, कमरेचं हाड दाबून वजन सांगतो, त्याचा अंदाज पक्का असतो आणि तो आपल्याला खरा आकडा कधीच सांगत नाही. शेतकऱ्याकडं खरं वजन आणि मागच्या बाजाराचा खरा भाव असला तर तो हजार दोन हजार जास्तीचे मागू शकतो, नाहीतर मान हलवून मिळेल ते घेतो. तुमचं ॲप नीट चाललं तर ते आमच्या लई कामाचं आहे, म्हणून पैसे भरले होते.

तर मला पाहिजे ते असं. पॅकचे ९९९ आणि त्या गाडीपायी कापले गेलेले पैसे परत करा, व्यापाऱ्याचा हिशोब आणि काट्याची पावती मेलला जोडलीये. पावतीवर रेडा, टोणगा हे शब्द आणि टॅगला १२ आकडे हे या आठवड्यातच करा, त्याला काही मोठं काम लागत नाही, आणि होत नाही तोवर पावतीचं बटण बंद ठेवा. वजनाचं दुरुस्त होईपर्यंत औषधाचं पान पण बंद करा आणि ज्यांनी ज्यांनी ते टूल वापरलंय त्या सगळ्यांना मराठीतनं मेसेज पाठवून सांगा की आकडा चुकीचा होता. भावापुढं बाजाराची तारीख टाका. आणि जाहिरात टाकल्या टाकल्या दलालांचे फोन चालू होतात, माझा नंबर न विचारता कुणाला देताय ते पण लेखी कळवा.

१५ दिवसात उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार आणि तिथनं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. स्क्रीनशॉट सगळे ठेवलेत.

आपला ग्राहक
सांगोला, जि. सोलापूर
(नोंदणीचा मोबाईल नंबर तुमच्याकडं आहेच, सकाळी धारा झाल्यावर ९ नंतर फोन करा)