मावशी, हे आभार सगळ्यांदेखत

आदरणीय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "देवाचे मान, माझे कशाला" म्हणता आणि चुलीकडे वळता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. शिवाय महिला मंडळातल्या नव्या मुली मला विचारतात, आत्मिक वाढ व्हायला रोज किती अध्याय वाचायचे, किती वेळ गुडघ्यावर राहायचं? मला तेव्हा तुम्हीच आठवता.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, मला वजनकाट्याचं काम मिळालं, तेव्हा घरी सगळ्यांना आनंद झाला. सावलीतलं काम, हाताशी वही, आठवड्याला पगार. तुम्हीही प्रार्थना केलीत. पण "आमेन" झाल्यावर बायबल मिटलं नाहीत. नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय काढलात आणि पहिलं वचन मलाच वाचायला लावलंत: खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो. मग याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय. शेतात राबणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. वाचून झाल्यावर एवढंच म्हणालात, "आता तुझं चर्च सोमवार ते शनिवार त्या काट्यावर."

पथारीवरच्या बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. बोटं जळतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि मजुरी मिळते ती वजनावर. कितीतरी जणींना काट्यावरचा आकडा वाचता येत नाही. तुमच्या त्या दोन वचनांमुळे मी काट्याचं तोंड बायांकडे वळवून ठेवलं. आधी रिकामी टोपली त्यांच्यासमोर ठेवायची, तिचं वजन मोठ्यानं सांगायचं, मग भरलेली ठेवायची आणि वजा करून उरलेला आकडा पुन्हा मोठ्यानं सांगायचा. वेळ लागतो, रांग खोळंबते, शेठही सुरुवातीला कुरकुरले. पण एक म्हातारी आजी रोज माझ्यामागून तो आकडा पुटपुटते आणि पदराला गाठ मारते. मावशी, त्या आजीला देवाच्या न्यायाबद्दल मी कधी एक शब्द सांगितलेला नाही. सांगायची वेळ येईल तेव्हा निदान काटा माझ्याविरुद्ध साक्ष देणार नाही.

आजाऱ्याच्या घरी जायचं तर तुमची रीत ठरलेली: आधी भांडी, मग प्रार्थना. पहिल्यांदा तुमच्यासोबत गेले तेव्हा मी बायबल काढून तयार, आणि तुम्ही मोरीपाशी बसून राखेनं पातेलं घासताय! त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. प्रार्थनेला तिनं डोळे मिटले ते त्यानंतर, अगदी निर्धास्तपणे.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रातली ती साखळी तुम्ही आम्हाला घाईनं पाठ करू दिली नाहीत. विश्वासात सात्त्विकतेची भर, सात्त्विकतेत ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची, पुढं धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि प्रीती. इंद्रियदमनाशी आलो तेव्हा तुम्ही आम्हाला कितीतरी दिवस तिथंच थांबवलंत, आणि उपवासाबद्दल न बोलता जिभेबद्दल बोललात. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मटण सोडणं सोपं, जावेबद्दल बोलणं सोडणं अवघड, हे मंडळात तोंडावर सांगणाऱ्या तुम्हीच. रागानं फणफणत तुमच्या ओट्यावर यावं, तुम्ही "काय व्हयनं, बेटा?" विचारावं, सगळं ऐकून घ्यावं आणि शेवटी विचारावं, "तिच्यासाठी प्रार्थना कधी केली होतीस?" या प्रश्नानं आमच्या घरातली किती भांडणं मिटली असतील!

धीराबद्दल बोलताना तुम्ही पंडिता रमाबाईंचं सांगता. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. 1922 साली त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 साली छापून आलं. छापलेला ग्रंथ त्यांनी हाती धरला नाही. मुलगा अजून चर्चला येत नाही म्हणून मी रडले, त्या संध्याकाळी तुम्ही हे सांगितलंत आणि माझ्याबरोबर त्याचं नाव घेऊन प्रार्थना केलीत. अजूनही रोज करता, हे मला तुमच्या सुनेकडून कळलं.

त्याच्यासाठी तुम्ही देवासमोर घालवलेल्या प्रत्येक पहाटेबद्दल, मावशी, मनापासून आभार. येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्याकडेच जेवायचं. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत करते. तोही घरी असणार आहे. तुमच्याशी तो बोलतो.

तुमची,
पथारीवरची लेक