सूत्राआधी चढाचा अर्थ सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षेच्या सुमारास वृत्तपत्रांतून जे सोडवलेले प्रश्नसंच प्रसिद्ध होतात, त्यांत एक बिंदू आणि चढ दिला असता रेषेचे समीकरण काढण्याचे उदाहरण हमखास असते. मात्र उत्तराची सुरुवात ‘सूत्रानुसार’ या शब्दाने होते आणि ते सूत्र, म्हणजे दिलेला बिंदू (क्ष₁, य₁) असता य − य₁ = चढ × (क्ष − क्ष₁), आले कुठून, हे एका ओळीतही सांगितलेले नसते. गणित शिकवताना मला ही उणीव सतत जाणवत आली आहे.

वास्तविक येथे पाठ करण्यासारखे काहीच नाही. य-निर्देशकांतील फरकाला क्ष-निर्देशकांतील फरकाने भागले की चढ मिळतो आणि रेषेवरचे कोणतेही दोन भिन्न बिंदू घेतले तरी तो बदलत नाही. बिंदू (−२, ५) आणि चढ ३ दिला असेल, तर रेषेवरचा दुसरा कोणताही बिंदू (क्ष, य) घेऊन (य − ५) ÷ (क्ष + २) = ३ असे लिहिता येते; छेदाने गुणले की य − ५ = ३(क्ष + २), म्हणजेच य = ३क्ष + ११. हे गुणणे केवळ सोयीचे नाही. भागाकाराच्या रूपात क्ष = −२ ठेवल्यास छेद शून्य होतो आणि ज्या बिंदूपासून आपण सुरुवात केली तोच समीकरणातून निसटतो; गुणाकाराच्या रूपात तो परत येतो.

केवळ सूत्र पाठ केलेला विद्यार्थी नेमका कंसात चुकतो. बिंदूतले उणे आणि सूत्रातले उणे ही एकच खूण समजून तो क्ष − २ लिहितो. त्या समीकरणात क्ष = −२ ठेवले, तर य = −७ येतो, ५ नव्हे; एवढा पडताळा घेतला तरी चूक हाती लागते, पण तो घ्यायची सवयच लावली जात नाही. (उभ्या रेषेला चढ नसतो, तेव्हा थेट क्ष = −२ लिहावे, हेही बहुधा राहून जाते.)

पुढे कलनात (कॅल्क्युलसमध्ये) हीच मांडणी पुन्हा भेटते. य = क्ष² या वक्राला (३, ९) येथे काढलेल्या स्पर्शिकेचा चढ ६, म्हणून तिचे समीकरण य − ९ = ६(क्ष − ३); त्यात क्ष = ३.१ ठेवले की ९.६ मिळतात आणि ३.१ चा वर्ग ९.६१ आहे. चढाचा अर्थ उमगलेल्या मुलाला ही जवळीक का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरी प्रश्नसंच तयार करणाऱ्यांनी अशा उत्तरात आरंभी चढाची व्याख्या आणि शेवटी दिलेला बिंदू ठेवून घेतलेला पडताळा, अशा दोन ओळी अवश्य छापाव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक गणित शिक्षक