मानसिकच्या ओपीडीत वजन आणि शुगर कधी बघणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे. ओलॅन्झापिनच्या गोळीने त्याला कानात येणारे आवाज जवळपास थांबले, आता तो दुकानात बसतो, सुट्टे पैसे बरोबर देतो, त्यामुळे त्या गोळीला मी नावं ठेवणार नाही. पण तिने भूक अशी खवळते की रात्री उठून तो डब्यातल्या उरलेल्या पोळ्या चटणीला लावून संपवतो, आणि जुन्या पँटी एकही होत नाहीत म्हणून नाडीची ट्रॅकपँट घालून लग्नालाही जातो. म्हणजे जायचा, आता जात नाही, चुलते हसतात.

साहेब, सगळे म्हणतात हे पेशंट गोळ्या घेत नाहीत. अहो, का सोडतात ते विचारा ना! वजन, हाताची थरथर, दिवसभर सुस्ती, आणि नवराबायकोतल्या तक्रारी ज्या तर कोणी केसपेपरवर लिहीतच नाही. त्यात मधेच सरकारी स्टॉक संपतो, "बाहेरून घ्या" म्हणतात, बाहेरची गोळी दुसऱ्या कंपनीची, रंग वेगळा, की दादा म्हणतो ही माझी नाही आणि पुडी तशीच पडून राहते. पुढचा महिना आमचं काय होतं ते आम्हालाच माहीत.

दर महिन्याला जिल्ह्याला जातो. झोप लागते का, आवाज येतात का, गोळ्या घेतो का, झालं, रिपीट. डॉक्टरांवर राग नाही, बाहेर केवढी रांग असते. पण वजन नाही, बीपी नाही, शुगर नाही. शुगर कळली कधी, तर पायाची जखम भरेना तेव्हा! मेडिसिनला नेलं तर केसपेपर बघून "हा मेंटलचा ना, तिकडे दाखवा".

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि बऱ्याचदा टाळता येण्यासारख्या शारीरिक आजारांनी, म्हणजे हार्ट, डायबेटिस वगैरे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की मानसिक आजाराच्या माणसाला शारीरिक आजारवाल्यांच्या बरोबरीने उपचार मिळाले पाहिजेत. ते "तिकडे दाखवा" यात कुठे बसतं?

जास्त काही मागत नाही. गोळ्या द्यायच्या त्याच दिवशी, त्याच खिडकीला वजन, कमरेचा घेर, बीपी आणि शुगर बघा आणि केसपेपरवर लिहा. पहिल्या काही महिन्यांतच वजन वाढताना दिसलं तर डॉक्टर औषध बदलू शकतात, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी जोडू शकतात, नंतर जखमा चिघळल्यावर काय उपयोग. तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपी गावच्या आरोग्य मंदिरात तपासतातच, आशाताईंच्या त्या यादीत आमची माणसंही घ्या. ग्रामीण रुग्णालयात गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शन ठेवा, एका गोळीपायी एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते म्हणूनही लोक सोडतात. क्लोझापिन हे याच आजाराचं दुसरं औषध घेणाऱ्यांना तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं, त्यांनी तालुक्याहून कसं करायचं?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चांगला आहे, पण फोनवर वजन करता येत नाही. येत्या जीआरमध्ये एवढं टाका, आणि वजनकाट्यासोबत त्याचे सेलही मंजूर करा, आमच्या ओपीडीतला काटा बंद आहे.

आपली,
एका पेशंटची बहीण